प्रमिलाने कॉपी केली नव्हती

"खिसे रिकामे कर," सर म्हणाले.

प्रमिला उभी होती. अंगात कोट तसाच. बाकी चौदा जण खुर्च्यांवर बसून तिच्याकडे बघत होते.

"सर, मी कॉपी नाही केली."

"मी ते विचारलंय का? खिसे."

तिने उजव्या खिशात हात घातला. बसचा पास, एक किल्ली, चुरगळलेला रुमाल. एकेक वस्तू काढून तिने टेबलावर ठेवली. डाव्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. तो इतक्या वेळा उघडला आणि मिटला गेला होता, की घड्यांवर विरला होता. तो तिने सरांपुढे धरला.

सरांनी हात पुढे केला नाही. "खाली ठेव," म्हणाले. तिने ठेवला. मग त्यांनी पेनच्या टोकाने तो उलगडला.

कागदावर दोन रांगा होत्या. इंग्रजी क्रियापदांच्या. एका रांगेत वॉन्ट, होप, प्रॉमिस, रिफ्यूज. यांच्यापुढे 'टु' लावून पुढचं क्रियापद. दुसऱ्या रांगेत फिनिश, एन्जॉय, अव्हॉइड, डिनाय. यांच्यापुढे 'आयएनजी'. आदल्या शनिवारच्या चाचणीत हेच होतं. तीस वाक्यं. प्रमिलाची सत्तावीस बरोबर आली होती. सगळ्या वर्गात जास्त.

"अगंबाई! चिठ्ठीच आहे की," मागून एक बाई म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या.

"आज खिशात आहे म्हणजे त्या दिवशीही होती," सर म्हणाले. "अक्षर कोणाचं हे? तुझं नक्कीच नाही."

अक्षर माझं होतं.

मी सरांच्या शेजारी, त्याच टेबलाशी बसलो होतो. माझ्यापासून तो कागद एका वितीवर होता.

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग सरांकडे बघून म्हणाली, "ते नाही सांगत मी."

मी गप्प बसलो.

हे घडलं त्याला आता एकोणीस वर्षं होतील. तेव्हा मी पासष्टीला टेकलो होतो. आता चौऱ्याऐंशी संपत आली. माझ्याबद्दल एक गोष्ट इथे लंडनमध्ये हॅरोपासून ईलिंगपर्यंत आपल्या लोकांत सांगितली जाते. ती अर्धी खोटी आहे. खोटा अर्धा भाग माझा आहे. तो मी लिहून ठेवतो आहे.

*

मी वऱ्हाडातला. दर्यापूरकडचा. आम्ही बौद्ध, पूर्वीचे महार. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बायको गेल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा कॉम्प्युटरमध्ये. त्याला इथे नोकरी दिली होती ती सरांच्या जावयाने. इथे राहायचा परवाना त्या कंपनीच्या नावावर. नोकरी गेली तर परवाना गेला, आणि आम्ही सगळे, म्हणजे मुलगा, सून, नात आणि मी, परत. कायमच्या परवान्याला अजून काही महिने होते, आणि त्यासाठी कंपनीचं पत्र लागणार होतं. हे मुलाने मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. "बाबा, इथे कोणाशी वाद नको. एवढं एक करा."

सर निवृत्त इंजिनिअर. तीस-पस्तीस वर्षं इथेच. चर्चच्या मागचा हॉल भाड्याने घेऊन दर शनिवारी दुपारी ते इंग्रजीचा वर्ग चालवायचे. फुकट. येणाऱ्यांत मुलांकडे आलेले आईवडील, नव्याने आलेल्या सुना, काही गुजराती बायका. इंग्रजीचा मास्तर आलाय म्हटल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मी वह्या तपासायचो, हजेरी घ्यायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. माझं आडनाव मराठ्यांतही आहे.

"वा! म्हणजे देशमुखी घराणं का?" ते म्हणाले.

मी हसलो. एवढंच केलं. मी खोटं बोललो नाही असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते हसणं मी विचार करून हसलो होतो. पुढे सर सपत्नीक आमच्याकडे जेवायला आले, त्या सकाळी मी दिवाणखान्यातली बाबासाहेबांची तसबीर उतरवली आणि कपड्यांच्या कपाटात पालथी ठेवली. सुनेने बघितलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला होता, तिथे तिने कॅलेंडर लावलं.

प्रमिला वर्गात आली ती सप्टेंबरमध्ये. हॅरोतच एका पुणेकर कुटुंबात कामाला होती. पोरं सांभाळणं, स्वयंपाक, इस्त्री. ती मोलकरणीच्या परवान्यावर आली होती. तिचंही तसंच, काम आहे तोवर परवाना. पाच वर्षं भरत आली होती आणि कायमसाठी अर्ज करायचा होता. त्यात नवा नियम आलेला, इंग्रजीचा दाखला हवा. जवळच्या कॉलेजची परीक्षा द्यायची, आणि आमच्या वर्गाला त्या परीक्षेत सहा जागा मिळायच्या. कोणाला पाठवायचं ते सर ठरवायचे.

दहा वर्षांची मुलगी गावी आजीकडे होती. परवाना झाला की तिला आणायचं. प्रमिलाचं सगळं एवढ्यावर होतं.

पहिल्याच शनिवारी वर्ग सुटल्यावर ती बाहेरच्या बोळात थांबली. मी दिवे बंद करून निघालो होतो.

"काका, तुमी कोन्या गावचे?"

ती बोली माझ्या गावाकडची होती. "दर्यापूरकडचे," मी म्हणालो.

ती हसली. तिला कळलं. आपल्या माणसाला कळतं. तिने हात जोडले. "जयभीम, काका."

मी दाराकडे बघितलं. सर गाडीत सामान ठेवत होते, आवाज पोचला असता.

"नमस्कार," मी म्हणालो.

तिचं हसू जरा तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यानंतर माणसांत असताना तिने मला कधी जयभीम केला नाही. माझी लपवाछपवी तिने न विचारता सांभाळली.

वर्गात सगळ्या बायकांना सर 'अहो' म्हणायचे. वीस-बावीस वर्षांच्या सुनांनासुद्धा. प्रमिला चौतीस वर्षांची. तिला 'ए'. तिने वाक्य चुकवलं की ते तिच्या वऱ्हाडी ढंगाची नक्कल करून दाखवायचे. "मले नाय येत बाप्पा!" वर्ग हसायचा. एकदा मीही हसलो. सगळ्यांच्या वह्या ते हातात घेऊन बघायचे. तिची वही माझ्याकडे ढकलायचे. "ही तुम्ही बघा."

ही दोन रांगांची क्रियापदं सुरू झाली तेव्हा ती पार गोंधळली. सरांची पद्धत पाठांतराची. फळ्यावर यादी लिहायची आणि पुढच्या शनिवारी विचारायची. डोक्यात काही बसायचं नाही.

"काका, मले जमन का हे?" तिने विचारलं.

"काहून जमनार नाही?" माझ्या तोंडून गेलं. मी दचकून मागे बघितलं. कोणी नव्हतं.

मग मी तिला शिकवलं. वर्ग भरायच्या आधी अर्धा तास, हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात, किटलीच्या आवाजात. मी गावातल्या पोरांना शिकवायचो तसंच. दिवसभराच्या कामाला एकेक क्रियापद जोडायचं. भांडी झाली, 'आय फिनिश्ड वॉशिंग'. मालकीण ओरडेल म्हणून तिच्यासमोर जात नाही, 'आय अव्हॉइड मीटिंग हर'. पोरीला फोनवर शब्द दिला, 'आय प्रॉमिस्ड टु कम'. दोन रांगांचा तो कागद मी लिहून दिला. तिने तो इस्त्रीच्या टेबलाशी ठेवला, बसमध्ये वाचला, कोटात बाळगला. सहा आठवड्यांत तिचं कोणतंही वाक्य अडेना. एकदा तिने मलाच पकडलं. मी 'सजेस्टेड टु गो' म्हणून गेलो, तर म्हणाली, "काका, ते गोइंग पायजे नं?" तीस वर्षांच्या नोकरीतही मला इतका आनंद फार वेळा झाला नव्हता.

चाचणीच्या दिवशी ती पहिल्या खुर्चीवर होती, माझ्या नजरेसमोर. तिने कुठेही बघितलं नाही. पेपर मीच तपासला. सत्तावीस मीच लिहिले.

सरांनी तो आकडा बघितला आणि म्हणाले, "हे शक्य नाही."

*

खिसे रिकामे करून झाल्यावर सरांनी वर्गासमोरच एक कागद काढला. इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. सदर विद्यार्थिनी चाचणीत नक्कल करताना आढळली, सबब तिची शिफारस करता येत नाही. खाली त्यांची सही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पर्यवेक्षक तुम्ही होता. पाहिलंत ना तुम्ही?"

एवढंच. आवाज चढवला नाही. मुलाच्या नोकरीचं नाव काढलं नाही. पेन माझ्यापुढे केलं.

माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं ते सांगतो. जावयाची कंपनी आली. मुलाचा चेहरा आला. नातीची नवी शाळा, तिचा जांभळा स्वेटर. आणि या सगळ्याच्या वर एक भीती होती, कागद मी दिला म्हटलं तर सर विचारतील, हिलाच का? हिला वेगळं बसवून का शिकवलंत? ही तुमची कोण? मग आडनावाचं ते हसू उघडं पडलं असतं. खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा त्या प्रश्नाची भीती जास्त वाटली.

मी सही केली. हात थरथरला नाही. पुढे कितीतरी दिवस मला याचीच लाज वाटत राहिली, की अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं.

प्रमिलाने टेबलावरचा पास, किल्ली, रुमाल उचलला. कागद सरांकडेच राहिला. दारापर्यंत ती हळू चालत गेली. पळाली नाही.

सरांच्या बायकोचं आणि प्रमिलाच्या मालकिणीचं फोनवर बोलणं असायचं. बुधवारपर्यंत तिला कामावरून काढलं होतं. खोटं बोलणारी बाई पोरांजवळ नको, म्हणाले. वर्गातल्या एका गुजराती बाईंनी तिला आपल्या घरी झोपायला जागा दिली. त्यांच्याकडूनच मला हे कळलं.

गुरुवारी सकाळी आमच्या दाराची घंटी वाजली. घरात मी एकटा. दाराला साखळी होती. मी साखळी न काढता वीतभर दार उघडलं.

"काका, तुमी फक्त एक फोन करा त्या मालकिनीले," ती म्हणाली. "सांगा का मी कॉपी नाही केली. बाकी काई नोको. सरांले काई सांगू नोका."

बोलता बोलता तिच्या तोंडातून वाफ निघत होती. थंडी होती. मी तिला आत ये म्हणालो नाही.

"मी बघतो," मी म्हणालो.

"तुमी भिता. मले माहीत हाये. पन मले तं इथं दुसरं कोनी नाही नं काका. पोरीले काय सांगू मी?"

वरच्या मजल्यावर जिन्याचं दार वाजलं. तिथे सरांच्या ओळखीचे लोक राहायचे. मी म्हणालो, "तू जा आता. कोणी बघेल."

ती तिथेच उभी राहिली. मग तिने मोठ्याने, जिन्यात घुमेल असं म्हटलं, "जयभीम, काका."

मी दार लावलं. दाराला पाठ लावून किती वेळ उभा होतो माहीत नाही. खाली तिच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज आला, मग बाहेरचं दार. मी फोन केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही.

त्याच महिन्यात सरांनी मला जेवायला बोलावलं. पाटाशेजारी रांगोळी, चांदीचं ताट. वाढता वाढता ते म्हणाले, "त्या लोकांना कितीही द्या हो, शेवटी ते मूळ वळणावर जातातच. तुम्ही आपले म्हणून बोलतो." मी "हं" म्हणालो. जिलबी घेतली.

खाताना मला आमचे इंग्रजीचे मास्तर आठवले. शाळेत मला दाराशी, चपलांजवळ बसवायचे. तपासणीला साहेब आला की मला पहिल्या रांगेत आणायचे, कारण इंग्रजी फक्त मलाच यायचं. साहेबाची गाडी गेली की बोट दाखवायचे. मी उठून पुन्हा दाराशी. त्या मास्तरांचा मला आयुष्यभर राग आला. आणि इथे मी दुसऱ्याला दाराशी पाठवून स्वतः चांदीच्या ताटावर बसलो होतो. घास पाण्याबरोबर गिळला.

तिथे उठलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. मी उठलो नाही. ताट संपवलं.

*

आता ती गोष्ट, जी तुम्ही ऐकली आहे.

पाच महिन्यांनी वर्गाचा वार्षिक कार्यक्रम झाला. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, एक गोऱ्या बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. सरांनी भाषणात सांगितलं, की आम्ही शिस्तीत तडजोड करत नाही, यंदा एका बाईला नक्कल करताना पकडलं. टाळ्या झाल्या. तेव्हा मी उभा राहिलो. आधी इंग्रजीत, मग मराठीत म्हणालो, "तिने नक्कल केली नाही. तो कागद माझा होता. मी तिला शिकवलं. ती आणि मी एकाच समाजाचे आहोत, आणि तुम्ही तिच्या वहीला हात लावायचं टाळत होता, ते मी बघितलं आहे."

सर पांढरे पडले. हळू आवाजात म्हणाले, "मग तुमची सही?"

मी म्हणालो, "तुम्ही जबरदस्ती केलीत."

मागे आपली काही तरुण मुलं होती. आयटीतली, नागपूरची, मुंबईची. त्यांनी हे ऐकलं आणि पुढे नेलं. लंडनमध्ये एका म्हाताऱ्याने जातीच्या अपमानाला भर सभेत तोंड दिलं. मुलाची नोकरी पणाला लावून. दरवर्षी एखाद्या कार्यक्रमात कोणीतरी ते सांगतं आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

दोन गोष्टी सांगतो. पहिली. माझ्या मुलाचा पासपोर्ट कायमच्या परवान्याचा शिक्का मारून त्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी परत आला होता. पोस्टमनने पाकीट दिलं, मी स्वतः फोडलं, शिक्का दोनदा वाचला. मग मला शौर्य आलं. मी काहीही पणाला लावलं नव्हतं.

दुसरी. सरांनी जबरदस्ती केली नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणू शकत होतो. सर आता हयात नाहीत. त्यांनी प्रमिलाचा जो अपमान केला तो मी कमी करत नाही, त्यातला एक शब्दही नाही. पण माझी करणी मी त्यांच्या अंगावर टाकली होती, ती मी परत घेतो.

आणि प्रमिला त्या सभेला नव्हती. असणार कशी? काम मिळालं नाही म्हणून ती लीड्सला कोणा ओळखीच्यांकडे गेली होती. तिथेही जमलं नाही. मी उभा राहून बोललो त्याच्या तीन आठवडे आधी तिची मुदत संपली आणि ती परत गेली. तिच्यासाठी माझं भाषण अर्ध्या पैशाचं नव्हतं. मुलगी इथे आली नाही. तिचं पुढे काय झालं ते मी शोधलं नाही. शोधणं कठीण नव्हतं. दर्यापूरला माझा पुतण्या आहे. मी भीत होतो की तो शोधून काढेल.

यंदा त्या मुलांनी, आता तीही चाळिशी-पंचेचाळिशीची झाली आहेत, माझा सत्कार ठरवला आहे. येत्या शनिवारी. पत्रिकेवर छापलं आहे, 'परदेशात स्वाभिमानाची मशाल'. ती पत्रिका वाचली त्याच रात्री मी हे लिहायला बसलो.

मुलाला हे लिखाण दाखवलं. त्याने पानं नीट एकावर एक लावली. मग म्हणाला, "बाबा, आता कशाला? तुमची नात इथेच आहे. तिला या लोकांत राहायचंय. आणि तुम्ही माझ्यासाठी केलंत ना ते सगळं."

"तुझ्यासाठी थोडं," मी म्हणालो. "माझ्यासाठी जास्त."

पुतण्याला मी गेल्या आठवड्यात फोन केला. त्याने दोन दिवसांत शोधलं. प्रमिला आहे. अंजनगावला राहते, मुलीचं लग्न झालं, मुलगी अंगणवाडीत शिकवते. त्याने फोन नंबर दिला. तो लावताना माझं बोट तीनदा चुकलं. मुलीने उचलला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे तिने आईला काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "आईले तुमच्याशी बोलायचं नाही. तुमाले काय बोलायचं ते तिकडच्या लोकांपुढं बोला."

ती बरोबर बोलली. माझ्यावर दया करण्याचं काम आता तिच्या आईने का करावं?

म्हणून शनिवारी मी जाणार आहे. मंचावर जाणार, शाल घेणार नाही, आणि हे सगळं पहिल्या वाक्यापासून वाचणार. प्रमिलाचं पूर्ण नाव आणि गाव सांगणार, कारण तिचं नाव या हॉलांमध्ये खोटारडी म्हणून घेतलं गेलं आहे, तर इथेच ते पुसलं पाहिजे. माझं नाव आणि जात सांगणार. तिथे तिची जुनी मालकीण असेल, सरांची मुलगी असेल, माझी नात असेल. मला भीती वाटते आहे. पासष्टाव्या वर्षी वाटली होती तशीच, तितकीच. ती जाण्याची वाट मी आता बघणार नाही.

वाचून झाल्यावर ज्याला जे विचारायचं असेल ते विचारावं. गुडघे दुखतात, पण शेवटचा प्रश्न संपेपर्यंत मी खाली बसणार नाही.